प्रजातींच्या आढळावरून जैवभौगोलिक प्रदेश कसे आखायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न विद्यार्थी, पक्षी-फुलपाखरं नोंदवणारे हौशी निरीक्षक आणि अहवालासाठी नकाशा हवा असलेले लोक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येतात. उदाहरणं शक्यतो महाराष्ट्र, गोवा आणि सह्याद्रीची घेतली आहेत. सगळ्यात जास्त विचारणा होते ती 'गट पाडायची पद्धत कोणती' याची. नकाशा बिघडतो मात्र त्याच्या कितीतरी आधी, प्रश्न ३ ते ७ मधल्या निर्णयांत. घाईत असाल तरी तेवढे वाचून पुढे जा.

१. जैवभौगोलिक प्रदेश म्हणजे हवामानाचा किंवा जंगलाच्या प्रकाराचा पट्टाच ना?

नाही. ज्या भूभागात कुठेही गेलं तरी प्रजातींचा संच साधारण सारखा राहतो आणि ज्याच्या बाहेर पडलं की त्या संचातल्या बऱ्याच प्रजाती बदलतात, तो जैवभौगोलिक प्रदेश. ॲमेझॉनचं जंगल सदाहरित आणि कर्नाटकातल्या अगुंबेचंही सदाहरित, पण दोन्हीकडे आढळणारी बेडकाची एकही देशी प्रजाती नाही. पाऊस, उंची, माती ही सीमेमागची कारणं असू शकतात. ती नंतर तपासायची, प्रदेश आखताना गणितात घालायची नाहीत. आधीच घातली तर 'आमचे प्रदेश पावसाशी जुळतात' या निष्कर्षाला काही अर्थ उरत नाही.

२. तज्ज्ञांनी काढलेले नकाशे आहेत. मग एवढी आकडेमोड कशाला?

फिलिप स्क्लेटरने १८५८ मध्ये पक्ष्यांवरून जगाचे सहा प्रदेश पाडले, वॉलेसने १८७६ मध्ये तीच चौकट इतर प्राण्यांना लावली, आणि ती बऱ्याच अंशी अजून टिकून आहे. भारतात रॉजर्स आणि पनवार यांची १९८८ ची दहा विभागांची मांडणी सरकारी कामकाजात सर्रास वापरतात. ट्रान्स-हिमालय, हिमालय, वाळवंट, निमशुष्क प्रदेश, पश्चिम घाट, दख्खन, गंगेचं मैदान, किनारे, ईशान्य आणि बेटं असे ते दहा. हे नकाशे जाणकारांचे आहेत, चुकीचे नाहीत. अडचण एवढीच की दोन जाणकारांचं सीमेवरून जुळलं नाही तर निवाडा कशाच्या आधारे करायचा, हे त्यात लिहिलेलं नसतं.

होल्ट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उभयचर, पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या २१,०३७ प्रजातींवरून जगाचा नकाशा नव्याने काढला आणि २० प्रदेश ११ मोठ्या विभागांत बसवले. त्यावरही वाद झाले, पण प्रत्येक पायरी उघड असल्यामुळे वाद कुठल्या पायरीवर आहे ते बोट ठेवून सांगता आलं. आकडेमोडीने नकाशा 'वस्तुनिष्ठ' होतो असं मात्र समजू नका. निर्णय माणूसच घेतो, फक्त ते कागदावर येतात.

३. सुरुवात करायला हातात काय लागतं?

एक तक्ता. ओळींत ठिकाणं (बहुधा जाळीचे चौकोन), स्तंभांत प्रजाती, आणि प्रत्येक घरात आढळली तर १, नाही तर ०. पुढचं सगळं या तक्त्यावर चालतं. सॉफ्टवेअरसाठी 'आर' ही संगणकभाषा आणि तिची पॅकेजं पुरेशी आहेत: नकाशाच्या कामाला 'टेरा' आणि 'एसएफ', भिन्नतेसाठी (दोन ठिकाणांच्या प्रजाती किती वेगळ्या, हे मोजायला) 'बीटापार्ट', गट पाडायला आणि तपासायला 'बायोरीजन'. सगळं फुकट आहे.

घरात आहे-नाही ऐवजी मोजलेली संख्या का भरू नये, असाही प्रश्न येतो. त्याची चर्चा प्रश्न १६ मध्ये आहे.

४. जिल्हावार प्रजातींच्या याद्या तयार आहेत. जिल्हा हेच एकक धरलं तर?

मोह होतो, पण करू नका. अहिल्यानगरचं क्षेत्रफळ १७ हजार चौ.किमी.च्या वर, सिंधुदुर्गाचं पाच हजार दोनशेच्या आसपास. मोठ्या जिल्ह्यात नुसत्या आकारामुळे जास्त प्रजाती भरतात. त्याहून वाईट म्हणजे जिल्ह्याची हद्द निसर्गाला आडवी कापते. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरही येतं आणि माण तालुकाही. पाच-सहा हजार मिलिमीटर पावसाचा घाटमाथा आणि दुष्काळी माळ एकाच ओळीत गेले की त्या ओळीचा कुठल्याच प्रदेशाशी नीट मेळ बसत नाही. वनस्पतींच्या जुन्या याद्या जिल्हावारच असतील तर निदान तालुक्यापर्यंत फोडता येतात का पाहा. हर्बेरियमच्या चिठ्ठीवर बहुधा गावाचं नाव असतं.

५. आढळाची माहिती नोंदींतून घ्यावी की छापील आढळक्षेत्रांच्या नकाशांतून?

काम किती बारीक आहे त्यावर ठरतं. आययूसीएनचे (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचे) आढळक्षेत्राचे नकाशे साधारण १ अंश (म्हणजे सुमारे १०० किमी) किंवा त्याहून मोठ्या चौकोनांसाठी ठीक आहेत. त्याखाली गेलात तर प्रजाती जिथे नाही तिथेही '१' पडतात, कारण नकाशातली रेषा मोकळ्या हाताने ओढलेली असते आणि आतली सगळी जागा वस्तीची नसते. हे नकाशे वापरताना गाळणी लावा: 'उपस्थिती' चा संकेतांक १, 'मूळ' चा १, आणि 'हंगाम' चा १ व २ (वर्षभर राहणारी, विणीला येणारी). हे न केल्यास नामशेष झालेले आणि आणून सोडलेलेही नकाशात मिरवतात.

महाराष्ट्रापुरतं किंवा सह्याद्रीपुरतं काम असेल तर १ अंशाचे चौकोन मोजून तीसेक मिळतील. तेवढ्यात प्रदेश पाडण्यात मतलब नाही. तिथे नोंदीच लागतात: जीबीआयएफ, ईबर्ड, आयनॅचरलिस्ट, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, आणि संग्रहालयांतले नमुने. साफसफाई अशी करा.

अक्षांश-रेखांश ०,० असलेल्या नोंदी काढा. देशाच्या, राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या मध्यबिंदूवर साचलेल्या नोंदी काढा. नकाशावर एका टिंबावर शेकडो असंबंधित प्रजाती दिसल्या की ओळखायचं. 'कोऑर्डिनेटक्लीनर' हे पॅकेज दोन्ही कामं करतं, पण भारतातले जिल्हा-मध्यबिंदू त्याला ठाऊक असतीलच असं नाही, ते स्वतः तपासा. स्थानाची अनिश्चितता चौकोनाच्या बाजूच्या निम्म्याहून जास्त असेल तर नोंद गाळा. आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त प्रजातींचं ठिकाण मुद्दाम धूसर करतं आणि बिंदू ०.२ अंशाच्या चौकोनात, म्हणजे साधारण २२ किमीच्या आत, कुठेही टाकतं. १० किमीच्या जाळीत अशी नोंद बहुतेक वेळा चुकीच्या घरात पडते. आणि नेमक्या याच प्रजाती प्रदेशनिष्ठ असतात, ही खरी गोची. नावांचं एकसूत्रीकरण शेवटी करा: एकाच बेडकाची जुनी आणि नवी अशी दोन नावं दोन स्तंभ बनून बसली तर नसलेली सीमा उमटते. जुने निरीक्षक एक नाव वापरतात, नवे दुसरं, आणि प्रदेश कालखंडाचे होतात, जागेचे नाही.

६. चौकोन किती मोठा घ्यावा? आणि अंशांत की किलोमीटरमध्ये?

किलोमीटरमध्ये, आणि समक्षेत्र प्रक्षेपणात (म्हणजे नकाशावर सगळीकडे क्षेत्रफळाचं प्रमाण सारखं राहतं अशा मांडणीत). १ अंशाचा चौकोन कन्याकुमारीजवळ पूर्व-पश्चिम ११० किमी भरतो, काश्मीरकडे ३५ अंशांवर ९१. म्हणजे उत्तरेकडचे चौकोन जवळजवळ १७ टक्क्यांनी लहान. भारतासाठी लॅम्बर्ट ॲझिमुथल इक्वल-एरिया घ्या, केंद्र साधारण ७८ पूर्व, २० उत्तर. इथे एक गफलत नेहमी होते: भारताच्या नकाशांत सर्रास दिसणारं लॅम्बर्ट कॉनफॉर्मल कॉनिक हे समक्षेत्र नाही, नावात लॅम्बर्ट असलं तरी. यूटीएम (जगाचे ६-६ अंशांचे झोन पाडणारं प्रक्षेपण) घ्यायचं तर महाराष्ट्र दोन झोनमध्ये विभागला जातो: ७८ रेखांशाच्या पश्चिमेला ४३, आणि नागपूर-चंद्रपूर-गडचिरोलीला ४४.

आकाराबाबत दोन बाजूंनी ओढाताण असते. चौकोन मोठा केला तर महत्त्वाचे अडथळे बुजतात. केरळातली पालघाट खिंड तीसेक किलोमीटर रुंद आहे, १०० किमीच्या चौकोनाला ती दिसतच नाही. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात हवाई अंतर थोडकं, पण पाऊस पाच-सहा हजार मिलिमीटरवरून हजाराच्या आत येतो. २५ किमीच्या चौकोनात दोन्ही एकत्र पडू शकतात. चौकोन लहान केला तर निम्मी घरं रिकामी राहतात. महाराष्ट्राच्या ३,०७,७१३ चौ.किमी.मध्ये २५ किमीचे पाचशेच्या आसपास चौकोन बसतात, १० किमीचे तीन हजारांवर. पक्ष्यांच्या नोंदींवर २५ किमी झेपतं. बेडूक आणि देवगांडुळांच्या (पाय नसलेल्या उभयचरांच्या) नोंदींवर १० किमी झेपत नाही, आणि २५ मध्ये डोंगराचे दोन्ही उतार एकत्र होतात. अशा गटांसाठी चौकोनांऐवजी डोंगररांगेचे तुकडे किंवा पाणलोट हे एकक बरं.

आमचा सल्ला: एकच आकार निवडून त्याचं समर्थन करत बसू नका. तीन आकारांवर चालवा आणि जी सीमा तिन्हीत टिकते तिच्यावर बोला. जाळीचा आरंभबिंदू अर्ध्या चौकोनाने सरकवूनही एकदा पाहा. किनाऱ्यावरचे निम्म्याहून कमी जमीन असलेले चौकोन काढा किंवा शेजारच्याला जोडा.

७. काही चौकोनांत कुणी गेलेलंच नाही. ते ठेवायचे की काढायचे?

बहुतेक काढायचे. पुणे, मुंबई, नाशिक, ताडोबा यांच्या आसपास पक्ष्यांच्या याद्यांचा ढीग आहे आणि मराठवाड्यातले कित्येक चौकोन चार-पाच याद्यांवर उभे आहेत. अशा चौकोनात कावळा, साळुंकी, घार, बुलबुल, पारवा एवढंच भरतं. या पाच प्रजाती सगळीकडे असल्यामुळे त्या चौकोनाचं सगळ्यांशी जमतं, आणि तो कुठल्याही गटात जाऊन बसतो.

किती पाहणी पुरेशी, याचा अंदाज चाओ-२ सूत्राने काढता येतो: दिसलेल्या प्रजाती + (एकाच यादीत आलेल्यांची संख्या)² ÷ (२ × दोनच याद्यांत आलेल्यांची संख्या). समजा एका चौकोनात ८० प्रजाती दिसल्या, त्यातल्या २० एकेकाच यादीत आणि १० दोनदोन याद्यांत. अंदाज ८० + ४०० ÷ २० = १००, म्हणजे पूर्णता ८० टक्के. आम्ही ७० टक्क्यांखालचे चौकोन गाळतो आणि ते नकाशावर राखाडी दाखवतो. राखाडी जागा दिसायला वाईट दिसते, पण ती खरी असते. ५ पेक्षा कमी प्रजातींचे चौकोन तर गाळायचेच, कारण तिथे एक प्रजाती इकडेतिकडे झाली की भिन्नता २० टक्क्यांनी किंवा जास्तच हलते.

दोनच याद्यांत आलेल्यांची संख्या शून्य असेल तर वरचं सूत्र शून्याने भागतं. त्यासाठी दुरुस्त रूप आहे, पण मुळात तो चौकोन गाळण्याच्याच लायकीचा असतो.

८. जॅकार्ड, सोरेन्सन, बीटा-सिम: भिन्नता कशाने मोजू?

दोन चौकोनांत समाईक प्रजाती 'अ', फक्त पहिल्यात 'ब', फक्त दुसऱ्यात 'क' असं धरा.

जॅकार्ड: (ब + क) ÷ (अ + ब + क)
सोरेन्सन: (ब + क) ÷ (२अ + ब + क)
बीटा-सिम: किमान(ब, क) ÷ (अ + किमान(ब, क))

आता दोन जोड्या पाहा. पहिलीत एका चौकोनात १२० प्रजाती, दुसऱ्यात ४०, आणि त्या चाळीसही पहिल्यात आहेत. जॅकार्ड ०.६७, सोरेन्सन ०.५०, बीटा-सिम ०. दुसरीत दोन्हीकडे १००-१०० प्रजाती, ६० समाईक. जॅकार्ड ०.५७, सोरेन्सन ०.४०, बीटा-सिमही ०.४०. जॅकार्डच्या आणि सोरेन्सनच्या मते पहिली जोडी जास्त वेगळी आहे, जरी तिथे एकही प्रजाती बदललेली नाही, फक्त घटल्या आहेत. प्रदेश आखायचे तर आपल्याला बदल हवा, घट नको. म्हणून या कामात बीटा-सिमचा रिवाज पडला. बासेल्गा यांनी २०१० मध्ये दाखवलं की सोरेन्सन म्हणजे बीटा-सिम अधिक घटीचा भाग. 'बीटापार्ट' हे दोन्ही वेगळे काढून देतं.

बीटा-सिमचा तोटाही लक्षात ठेवा. गरीब चौकोनाची भिन्नता शून्याकडे झुकते, म्हणून प्रश्न ७ मधली चाळणी न लावता तो वापरणं धोक्याचं. लक्षद्वीपसारख्या बेटांवर तर प्रजाती खरोखरच कमी आहेत. ती बेटं मुख्य भूमीच्या गटात गेली तर त्याला चूक म्हणू नका, बीटा-सिमची तीच व्याख्या आहे. तुमचा प्रश्नच 'प्रजातींची गरिबी कुठे सुरू होते' असा असेल तर सोरेन्सन घ्या.

९. गट पाडायची कोणती पद्धत चांगली?

बीटा-सिमवर सरासरी जोडणी, म्हणजे यूपीजीएमए, इथून सुरुवात करा: सर्वांत सारखे चौकोन आधी जोडायचे, मग गटाला गट जोडत झाड बांधायचं, आणि दोन गटांमधलं अंतर म्हणजे त्यांच्यातल्या सगळ्या जोड्यांच्या भिन्नतेची सरासरी. क्रेफ्ट आणि येट्झ यांनी २०१० मध्ये जगभरच्या सस्तन प्राण्यांवर पद्धती ताडून पाहिल्या तेव्हा हीच मूळ भिन्नतेला सर्वांत इमानी ठरली. इमान मोजायचं माप म्हणजे कोफेनेटिक सहसंबंध: डेंड्रोग्राममधली (म्हणजे या झाडातली) अंतरं मूळ अंतरांशी किती जुळतात. तो ०.७ च्या खाली आला तर झाडाच्या आकारावर फार विसंबू नका. बहुधा तिथे स्पष्ट प्रदेश नसून हळूहळू होणारा बदल असतो.

एकेरी जोडणी (दोन गटांतली सर्वांत जवळची जोडीच पाहणारी) साखळी करते: एक अवाढव्य गट आणि भोवती सुटे चौकोन. वॉर्डची पद्धत देखणे, सारख्या आकाराचे गट देते, म्हणूनच ती आवडते. पण ती युक्लिडीय अंतर गृहीत धरते आणि बीटा-सिम तसं नाही. ०-१ च्या तक्त्यावर थेट के-मीन्स चालवणं टाळा. तिथे दोन्हीकडे 'नसणं' हेही साम्य धरलं जातं, म्हणजे वाळवंट आणि बर्फाळ शिखर एकत्र येतात, कारण दोन्हीकडे तेच हजार पक्षी नाहीत.

चौकोनांच्या संख्येकडेही बघा. जोड्या न(न−१)/२ ने वाढतात. भारत १० किमीच्या जाळीत बसवला तर सुमारे ३३ हजार चौकोन, ५४ कोटी जोड्या, आणि नुसतं भिन्नतेचं कोष्टक ४ जीबीच्या वर जातं. अशा वेळी प्रश्न १२ मधली नेटवर्कची वाट हलकी पडते.

१०. किती प्रदेश पाडायचे?

'बरोबर' आकडा नसतो. झाड वेगवेगळ्या उंचीवर कापा आणि प्रत्येक वेळी एक गुणोत्तर काढा: गटागटांमधल्या भिन्नतांची बेरीज ÷ सगळ्या भिन्नतांची बेरीज. गट वाढवत गेलं की ते आधी भराभर चढतं, मग सपाट होतं, आणि जिथे कोपर दिसतं तिथे थांबायचं. सिल्हूट निर्देशांक (चौकोन शेजारच्या गटापेक्षा स्वतःच्या गटाशी किती जास्त जुळतो, याचं माप) जोडीला पाहा. दोन्ही मापं वेगवेगळे आकडे सुचवणार, हे गृहीत धरा. त्यापेक्षा दोन-तीन पातळ्यांचे नकाशे शेजारी छापा, कारण प्रदेश मुळातच एकात एक बसणारे असतात.

कापल्यावर एकेका चौकोनाचे गट निघाले तर आनंदाने नवा प्रदेश जाहीर करू नका. दहातले नऊ वेळा ती नोंदींतली घाण असते: चुकीचं स्थान, चुकीची ओळख किंवा किनाऱ्यावरची चिंधी.

११. तीच माहिती, तोच कोड, पण ओळींचा क्रम बदलला की नकाशा बदलतो. कसं काय?

बीटा-सिममध्ये बरोबरीचे आकडे फार निघतात, विशेषतः शून्य. दोन जोड्या सारख्याच जवळ असतील तर आधी कुणाला जोडायचं हे प्रोग्राम ओळींच्या क्रमावरून ठरवतो, आणि तिथून झाड वेगळीच फांदी धरतं. 'रीक्लस्टर' हे पॅकेज (२०१३) याच दुखण्यासाठी लिहिलं गेलं: ओळी शंभरेक वेळा पिसायच्या, दर वेळी झाड बांधायचं आणि सगळ्यांचं सहमतीचं झाड काढायचं. सहमतीच्या झाडात ज्या फांद्या उघड्या पंज्यासारख्या पसरतात, तिथे तुमच्या माहितीतून क्रम ठरतच नाही. 'बायोरीजन' मध्येही अशी पिसण्याची सोय आहे. प्रश्न ७ मधली चाळणी लावल्यावर बरोबऱ्या बऱ्याच कमी होतात, तेव्हा आधी ती लावा.

१२. इन्फोमॅप म्हणजे काय? ते यूपीजीएमएपेक्षा सरस आहे का?

इथे भिन्नतेचं कोष्टक लागत नाही. एका बाजूला चौकोन, दुसऱ्या बाजूला प्रजाती, आणि जिथे आढळ तिथे दुवा, असं दुपदरी जाळं बांधायचं. त्यावर यदृच्छ भटकणारा एक बिंदू कल्पायचा. तो ज्या भागात दीर्घकाळ घुटमळतो तो भाग म्हणजे एक प्रदेश. गणित रोसवाल आणि बर्गस्ट्रॉम यांचं (२००८), जैवभूगोलात ते विल्हेना आणि अंतोनेल्ली यांनी २०१५ मध्ये आणलं, आणि २०१७ पासून 'इन्फोमॅप बायोरीजन्स' हे ब्राउझरमध्ये चालणारं साधन आहे. त्यात नोंदी दाट असतील तिथे चौकोन आपोआप लहान आणि विरळ असतील तिथे मोठे होतात. आपल्याकडच्या असमान नोंदींना ही सोय उपयोगी पडते.

मोठा फायदा असा की प्रजातींनाही प्रदेश मिळतो, आणि किती प्रदेश हे आधी सांगावं लागत नाही. त्या बदल्यात दोन गोष्टी सांभाळायच्या. उत्तर यदृच्छेवर अवलंबून असतं, म्हणून निदान शंभर फेऱ्या चालवा आणि बीज-आकडा (यदृच्छ निवडीची सुरुवात ठरवणारा आकडा) नोंदवून ठेवा. आणि पाहणीतली तफावत इथेही झिरपते, कारण जास्त नोंदींचा चौकोन म्हणजे जास्त दुव्यांचा चौकोन.

सरस-कनिष्ठ म्हणण्यापेक्षा दोन्ही चालवा. दोन इतक्या वेगळ्या वाटांनी एकच सीमा आली तर ती पद्धतीची करामत नाही, एवढं तरी कळतं.

१३. नकाशात एकाच रंगाची दोन दूरदूरची ठिगळं आली. कोड चुकला का?

चुकलाच असं नाही. या पद्धतींना चौकोन कुठे आहेत हे ठाऊकच नसतं, त्या फक्त प्रजाती पाहतात. पश्चिम घाट आणि ईशान्य भारत यांच्यात समाईक किंवा जवळच्या नात्याचे प्राणी आहेत, हे जुनं निरीक्षण आहे. त्याच्या स्पष्टीकरणासाठी सुंदरलाल होरा यांनी १९४९ मध्ये, प्रवाही पाण्यातल्या माशांवरून, सातपुडा सिद्धान्त (हे प्राणी सातपुड्याच्या रांगांवरून पश्चिम घाटात आले) मांडला. अशी तुटक ठिगळं म्हणजे माहिती असू शकते. 'शेजारचेच चौकोन जोडा' अशी अट घालणाऱ्या पद्धती आहेत, पण ती अट आधीच घातली तर हा शोध पुसला जातो. आधी अटीशिवाय चालवा. प्रशासनासाठी सलग पट्टे हवेच असतील तर अट घालून दुसरा नकाशा करा, आणि तो तसा आहे हे लिहा.

ठिगळ एका-दोन चौकोनांचं असेल तर प्रश्न १० मधला दुसरा परिच्छेद पाहा.

१४. हिवाळी पाहुणे पक्षी आणि बाहेरून आणलेल्या प्रजाती धरायच्या का?

हिवाळी पाहुणे वेगळे ठेवा. विणीच्या हंगामाचा आणि ऑक्टोबर ते मार्चचा असे दोन तक्ते करा. दोन्ही मिसळले तर पाणथळ जागांचे चौकोन देशभर एकमेकांसारखे दिसू लागतात. जायकवाडी आणि चिलिका एका गटात आलं की समजायचं, बदकांनी जोडलं.

बाहेरून आणलेल्या प्रजाती काढून टाका: घाणेरी, गिरीपुष्प, तिलापिया. त्या सगळीकडे पसरल्यामुळे सीमा पुसट करतात. बेटांवर तर ही चूक महागात पडते. अंदमानात माणसाने नेऊन सोडलेला चितळ धरला तर बेटं मुख्य भूमीच्या बाजूला सरकतात. उलट, अंदमान आणि निकोबार यांच्यामधली दीडशे किलोमीटरची टेन डिग्री चॅनल ही खरी सीमा आहे. निकोबारात मेगापोड हा पक्षी आणि लांब शेपटीचं माकड आहे, अंदमानात नाही. 'बेटं' असा एकच विभाग पाडला की हा फरक झाकला जातो.

१५. गोड्या पाण्यातल्या माशांसाठी हीच पद्धत चालेल का?

गणित तेच, एकक वेगळं. माशाला चौकोन कळत नाही, नदीचं खोरं कळतं. कृष्णा महाबळेश्वरात उगम पावते आणि बंगालच्या उपसागराला मिळते, तर तिथूनच उगम पावणारी सावित्री अरबी समुद्राला. एकाच २५ किमीच्या चौकोनात दोन समुद्रांचे मासे येतात. म्हणून पाणलोट किंवा उपखोरं हे एकक घ्या. हायड्रोबेसिन्सचे (खोऱ्यांच्या जागतिक नकाशांचे) तयार थर मिळतात. खोऱ्यांचे आकार असमान असतात, त्यामुळे इथे बीटा-सिमला पर्याय नाही.

१६. नुसतं आहे-नाही याऐवजी संख्या किंवा मॉडेलने भाकीत केलेला आढळ वापरला तर?

संख्या: सगळीकडे एकाच पद्धतीने मोजली असेल तरच. वेगवेगळ्या निरीक्षकांच्या 'पन्नासेक दिसले' वर ब्रे-कर्टिस (संख्येवर चालणारं भिन्नतेचं माप) काढू नका.

मॉडेल: विरळ नोंदींच्या गटांसाठी मोह समजण्यासारखा आहे. पण एकेका प्रजातीची मॉडेलं एकावर एक रचली की बहुधा प्रत्येक चौकोनात प्रजाती जास्त पडतात, कारण हवामान योग्य असलं तरी डोंगर ओलांडून प्रजाती तिथे पोचलेली नसते. शिवाय हवामानाच्या थरांतून आलेले प्रदेश हवामानाशी जुळणारच.

१७. वंशवृक्ष धरून काय फरक पडतो?

साध्या बीटा-सिममध्ये दोन भावंड प्रजाती आणि दोन अगदी दूरच्या प्रजाती सारख्याच वेगळ्या मानल्या जातात. वंशवृक्षीय रूपात प्रजातींऐवजी समाईक फांद्यांची लांबी मोजतात. होल्ट यांचा नकाशा असाच आहे. सह्याद्रीतल्या बेडकांना याचा विशेष उपयोग: २०१४ मध्ये एकाच शोधनिबंधात नाचऱ्या बेडकांच्या १४ नव्या प्रजाती आल्या. अशा फोडीमुळे शेजारशेजारच्या डोंगरांची भिन्नता एका रात्रीत वाढते, पण फांद्या जवळच्याच असल्याने वंशवृक्षीय भिन्नता फारशी हलत नाही. सीमा दोन्हीत आली तर ती जुनी असण्याची शक्यता जास्त. फक्त प्रजातींच्या नकाशात आली तर अलीकडचं विलगीकरण, किंवा नुसतंच वर्गीकरणातलं फोडणं.

१८. एखाद्या प्रदेशाच्या ओळखीच्या प्रजाती कशा काढायच्या?

इंडव्हॅल वापरा (द्यूफ्रेन आणि लजांद्र, १९९७): विशिष्टता × निष्ठा. समजा प्रदेशात ५० चौकोन आहेत, प्रजाती त्यातल्या ३० मध्ये आणि बाहेर १० मध्ये आढळते. विशिष्टता ३० ÷ ४० = ०.७५, निष्ठा ३० ÷ ५० = ०.६०, गुणाकार ०.४५. दोन्ही घटक वेगवेगळे छापा. एका डोंगरापुरत्या देवगांडुळाची विशिष्टता १ आणि निष्ठा नगण्य असते. गुणाकारात ते मागे पडतं, पण संवर्धनासाठी तेच महत्त्वाचं. उलट शेकरू: भीमाशंकरमुळे ते सह्याद्रीचं वाटतं, पण मध्य भारतातही आहे, त्यामुळे विशिष्टता घसरते.

१९. इंडव्हॅल किंवा ॲनोसिमचा (गट वेगळे आहेत का हे तपासणाऱ्या चाचणीचा) पी-आकडा ०.००१ आला. प्रदेश सिद्ध झाले का?

नाही. ज्या तक्त्यावरून गट पाडले त्याच तक्त्यावर 'गट वेगळे आहेत का' असं विचारलं तर उत्तर होच येणार. पूर्ण यदृच्छ तक्त्यावरही गट पाडून ही चाचणी लावा, बहुतेक वेळा 'लक्षणीय' निघेल. छापलेल्या निबंधांतही ही चूक दिसते. त्याऐवजी प्रजाती यदृच्छपणे दोन भागांत वाटा, दोन्हींवरून स्वतंत्र नकाशे काढा आणि समायोजित रँड निर्देशांकाने ताडा (१ म्हणजे तंतोतंत, ० च्या जवळ म्हणजे योगायोग). किंवा पक्ष्यांवरून पाडलेल्या प्रदेशांवर फुलपाखरांची भिन्नता तपासा.

२०. रेषा जिथे आली तिथेच सीमा आहे, असं म्हणता येतं का?

चौकोनाच्या आकाराहून बारीक तर कधीच नाही. आणि गट पाडणारी पद्धत रेषा काढणारच, मग बदल एका पावलात होत असो की दोनशे किलोमीटरमध्ये हळूहळू. फरक ओळखायला दोन उपाय आहेत. पहिला, प्रत्येक चौकोनाचा सिल्हूट स्वतंत्र नकाशावर रंगवा. शून्याजवळचे चौकोन म्हणजे संक्रमणाचा पट्टा. दुसरा, भिन्नतेच्या कोष्टकावर एनएमडीएस (चौकोनांमधली भिन्नता दोन-तीन अक्षांवर मांडणारी पद्धत) करा, अक्षांना रंग द्या आणि गट न पाडता नकाशा पाहा. तिथे रंग झपकन बदलला तर सीमा ठाम, विरघळत गेला तर नाही. स्ट्रेस (या मांडणीत मूळ भिन्नता किती बिघडली, याचं माप) ०.२ च्या वर असेल तर दोन अक्षांऐवजी तीन घ्या.

सह्याद्रीच्या माथ्याच्या पूर्वेला साधारण असंच विरघळणं दिसेल अशी तयारी ठेवा: घाटमाथ्यावरची झाडी, मग मावळपट्टा, मग माळ. पालघाटला अपेक्षा वेगळी ठेवावी लागते, पण तीही गटानुसार. उडणाऱ्या पक्ष्याला खिंड ओलांडता येते, ओढ्याकाठच्या बेडकाला नाही.

२१. मग पक्षी, बेडूक, झाडं सगळं एकाच तक्त्यात टाकून एकच नकाशा का करू नये?

करता येतो, पण ज्या गटाचे स्तंभ जास्त त्याचंच राज्य चालतं. फुलझाडांच्या हजारो प्रजातींपुढे शेदोनशे बेडकांचा आवाज उरत नाही. प्रत्येक गटाची भिन्नता वेगळी काढून कोष्टकांची सरासरी घेतली तर वजन निदान सारखं होतं. त्याआधी गटवार नकाशे रँड निर्देशांकाने ताडून पाहा. जुळत असतील तर सरासरी घ्या. जुळत नसतील तर सरासरीच्या नकाशात कुणाचीच सीमा नसते, तेव्हा गटवार नकाशेच द्या आणि ज्या जाळीवर ते काढले तिचा आकार, गाळलेले चौकोन, पॅकेजची आवृत्ती आणि बीज-आकडा प्रत्येकाखाली छापा.